आईचे आंबागडचे बूट

नागझिऱ्याजवळच्या एका ओढ्यात माझ्या बुटाचा तळ सुटला आणि माझ्या डोळ्यांदेखत वाहत गेला. पांढरे कॅनव्हासचे बूट होते, शाळेत पीटीला घालतात तसले. ऑफिसातल्या आम्ही बायका रविवारी फिरायला गेलो होतो. उरलेली वाट मी त्या बिनतळाच्या बुटाला ओढणी गुंडाळून चालले. मैत्रिणी एवढ्या हसल्या की त्यांनाच मधे बसावं लागलं. परतीच्या एसटीत ठरलं, धानाची कापणी आटोपली की आंबागड चढायचा. मला वेगळी ताकीद मिळाली, की त्याआधी पायात घालण्यासारखं काहीतरी घे.

मी तेव्हा मोहाडीला सरकारी नोकरीत होते. वडील गेल्यापासून आई माझ्याकडेच राहायची. घरी आले तेव्हा ती तांदूळ निवडत बसली होती. आंबागड तिचं माहेर, म्हणून तिलाच विचारलं, "आई, गडावर काय काय आहे गं?"

"मले का माहीत? मी कुठं गेली वर?"

मला खरं वाटेना. लग्न होईपर्यंत ती गडाच्या पायथ्याशी वाढलेली. मोहफुलं वेचायला, तेंदूची पानं तोडायला रोज त्याच जंगलात जायची, तेही अनवाणी.

"लाकडं खालीच भेटत होती," ती म्हणाली. "मंग वर कायले जाईन? वर जाणारे रिकामे लोक."

मोहाडीत बूट म्हणजे ऑफिसचे काळे, नाहीतर लग्नातले चकचकीत. एका मैत्रिणीनं सांगितलं की साकोलीला हायवेवर मोठं दुकान आहे, जंगलात ड्यूटी असलेले लोक तिथून घेतात. दिवसभर चालून पाय थोडे फुगतात, म्हणून बूट संध्याकाळी घालून पाहावेत, असं मी कुठंतरी वाचलं होतं. त्या हिशेबानं दुपारची बस धरली. आईही निघाली. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या गर्दीत तिची चप्पल हरवली होती आणि तेव्हापासून ती माझीच घालत होती.

दुकानदार गलेलठ्ठ आणि हसतमुख होता. "लेडीजमधे तसे येत नाहीत मॅडम," म्हणत त्यानं गुलाबी नाड्यांचे बूट पुढे केले. हलके होते, पण हातात घेऊन वाकवले तर मधोमध पोळीसारखे दुमडले. मी म्हटलं, बूट बोटांपाशी वाकायला हवा, मधे नाही. दुसरा जोड दणकट निघाला, पण दुकानाची पायरी उतरताना अंगठा पुढे आपटला. तिसऱ्यात टाच वरखाली होत होती. मी घरून जाड मोजे नेले होते. ते घालायचे, नाड्या बांधायच्या, पायरी चढायची-उतरायची, परत सोडायचं. दुकानदाराला माझी भलतीच गंमत वाटायला लागली. "और दिखाता हूँ," म्हणत तो माळ्यावर चढला आणि मुलांच्या मापातला एक जोड घेऊन आला. तपकिरी, घोट्यापर्यंत उंच, तळाला खोल खाचा, कडेनं शिवण घातलेली. तो मला बसला. मी खुशीत दुकानभर फिरले.

तेवढ्यात आईकडे लक्ष गेलं. तिच्यासमोर चपलांचा ढीग पडला होता. तिचे पाय रुंद, बोटं पसरलेली, प्रत्येक चपलेचा पट्टा तिला चावत होता. आणि आता ती स्टुलावर बसून माझ्यासारखेच, पण मोठ्या मापाचे तपकिरी बूट पायात चढवत होती.

"आई, ते पुरुषांचे आहेत."

"पायाले का समजते?"

दुकानदारानं खाली बसून तिच्या नाड्या बांधल्या. "माय, जड नाही का वाटत?"

"वाटते. पण पाय कसा घरात बसल्यासारखा वाटून राहिला." ती उठली, लुगड्याचा काठ जरा वर खोचला आणि थेट बाहेर गेली. तीन पायऱ्या उतरली, चढली. मग हायवेच्या कडेचा उतार उतरली. एक ऑटोवाला गाडी थांबवून बघत राहिला. ती परत आली आणि माझी एवढा वेळ चाललेली बडबड तिनं जशीच्या तशी मला ऐकवली, "बोटं पुढं टेकत नाही. टाच उचलत नाही. घे."

"आणि चप्पल?"

"चप्पल तुई आहे ना."

नवे बूट घालून एकदम डोंगर चढला की टाचेला फोड येतात. म्हणून आठवडाभर आम्ही दोघी घरात बूट घालून वावरलो. मी भाजीला फोडणी द्यायची बुटात, आई टीव्ही बघायची बुटात. बाजाराच्या दिवशी ती तशीच बाजारात गेली. भाजीवालीनं विचारलं, "काहून व माय, पोलिसात लागली का?"

"लागली," आई म्हणाली. "तुया वजनकाट्याची चौकशी कराले आली." तिला त्या दिवशी वांगी मापाहून जास्त मिळाली.

आंबागडला येऊ का, हे तिनं मला विचारलं नाही आणि येतेस का, हे मीही तिला विचारलं नाही. मैत्रिणी तिला पाहून आधी घाबरल्या, सत्तरीची बाई कुठं अडकली तर काय करायचं. वाट काही ठिकाणी पायऱ्यांची होती, काही ठिकाणी सुटे दगड. सागाची वाळकी पानं पडलेली, त्यावरून माझी एक मैत्रीण दोनदा घसरली. आई सावकाश, तिरकी पावलं टाकत चढत होती. मधेच थांबून हे झाड बेहड्याचं, इथून मोळी बांधायचो, असं सांगायची. एका वळणावर ती बराच वेळ उभी राहिली.

"दमली का?"

"नाही व. इथवर येत होतो आमी. इथून पुढचं मी पाहिलं नाही." आणि ती माझ्या पुढे निघाली.

वर तटाला लागून वारा जोरात होता. खाली धान कापलेल्या बांध्यांचे पिवळे चौकोन, मधे तळ्याचं पाणी. आईनं पदर कानावर घट्ट गुंडाळला आणि बोटानं एकेक जागा शोधायला लागली. शाळा, विहीर, बुद्धविहार, भावाचं घर. सापडलं की मोठ्यानं सांगायची, नाही सापडलं तर आम्हाला कामाला लावायची. आम्ही शिदोरी उघडली तरी ती येईना. मी तिला इतका वेळ काहीच काम न करता उभी असलेली कधी पाहिली नव्हती. शेवटी मैत्रिणींनी तिच्या हातात डबा दिला, तो तिनं उभ्यानंच संपवला.

उतरताना दोघींपैकी कुणाचीही बोटं पुढे आपटली नाहीत. पायथ्याशी मामाच्या घरी मामीनं सगळ्यांसाठी झणझणीत वडाभात करून ठेवला होता. मामी आईपेक्षा थोडी लहान, जन्म त्याच गावात गेलेला. वाढता वाढता तिनं आईच्या बुटांकडे पाहिलं, मग आईकडे.

"का हाये व बाई वर?"

आई घास गिळेपर्यंत थांबली. "वारा हाये," ती म्हणाली, "मोठे मोठे दगड हायेत. अन् तुया छपरावर वाळत टाकलेली गोधडी दिसते. लाल."

मामी ताट खाली ठेवून बाहेर गेली, छपराकडे पाहिलं, आणि मग मान वर करून बराच वेळ गडाकडे पाहत उभी राहिली.