छेदाला दोर

नवऱ्याची बदली चेन्नईला झाली आणि माझी सांगलीच्या शाळेतली गणित शिकवायची नोकरी सुटली. इथे तमिळमधलं ओ की ठो कळेना, इंग्रजी बोलायचं म्हटलं की दुसऱ्या वाक्यालाच गाडी अडायची. नवरा सोडला तर मला ‘अगं’ म्हणणारं गावात कुणी नव्हतं. घरात बसून बसून मी इतकी चिडखोर झाले की तोही ऑफिसातून उशिराच येऊ लागला, आणि त्याचं काही चुकलं नाही. मला फळा हवा होता. बास.

शेवटी तिरुवल्लिकेणीतल्या एका मुलींच्या शाळेने डेमो तास घ्यायला बोलावलं. अकरावीचा वर्ग, मागच्या बाकावर मुख्याध्यापिका, आणि विषय कोणता, तर छेदात एक्स असलेल्या असमानता! म्हटलं, बरं झालं, इथेच सगळ्यांचं घोडं पेंड खातं.

फळ्यावर लिहिलं: सहा भागिले एक्स, हे दोनपेक्षा मोठं. पाठ करून आणलेली इंग्रजी वाक्यं म्हणून टाकली आणि दोन वेण्यांच्या एका मुलीला फळ्याजवळ बोलावलं. ती आली आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, निघाली की दोन्ही बाजूंना एक्सने गुणायला! एक्स ऋण असेल तर मोठ्याचं लहान होतं, हे तिच्या गावीही नव्हतं. माझं इंग्रजी कुठल्या कुठे पळालं. मी ओरडले, “अगं थांब! थांब!”

मुख्याध्यापिकांच्या भुवया वर गेलेल्या. संपलं, मी मनात म्हटलं, चला आता घरी भांडी घासायला.

ती मुलगी मात्र विचारात पडली होती. “तांबु?” ती म्हणाली, मग इंग्रजीत, “दोर, मिस?” तमिळमध्ये तांबु म्हणजे दोर, गुरं बांधायचा, हे मला तिथे कळलं. तिने फळ्याकडे पाहिलं. “म्हणजे एक्सला आधी बांधायचं? तो शून्याच्या कुठल्या बाजूला आहे ते कळल्याशिवाय सोडायचा नाही?”

आई गं! इतकी वर्षं शिकवून मला हे सुचलं नव्हतं. “येस, येस, बांधा त्याला!” मी कुठल्या भाषेत म्हणाले कुणास ठाऊक. वर्गाने एक्सला आधी शून्याच्या उजवीकडे बांधलं, मग बेधडक गुणलं: तो तीनपेक्षा लहान. मग डावीकडे बांधलं. सहाला ऋण संख्येने भागलं की उत्तर ऋण, ते दोनपेक्षा मोठं कसं होणार? ती बाजू बाद. म्हणजे एक्स शून्य आणि तीनच्या मधला. घाईने गुणलं असतं तर सगळ्या ऋण संख्या फुकटात आत शिरल्या असत्या.

तास संपल्यावर मुख्याध्यापिका म्हणाल्या, “इंग्रजी येईल हळूहळू. सोमवारपासून या. आणि दोर विसरू नका.” घरी जाताना रिक्षात मी एकटीच हसत होते.

आता वर्गात कुणी छेदाकडे हात नेला की पोरी ओरडतात, “तांबु!” खरा शब्द काय होता ते मी त्यांना सांगून टाकलं, पण त्यांना दोरच आवडतो. परवा घंटा व्हायला आली होती, मीच घाईत होते, आणि बोलता बोलता एक्सने गुणायला लागले. मागून दोन वेण्या ओरडल्या, “अगं थांब!”

तांबु नव्हे, थांब. अगदी माझ्या सांगलीच्या ठसक्यात, अगंसकट. मिसला असं म्हणत नसतात, हे तिला बिचारीला काय ठाऊक! मी खडू खाली ठेवला आणि थांबले.