अमरावतीतली मोचीची पाटी

अकोल्याहून सकाळच्या एसटीनं आम्ही तिघी निघालो, तेव्हा आमच्या साड्या पाहून कंडक्टरनं विचारलं, "लग्नाले चालल्या का?"

"नाही दादा, जपानी मिठाई खाले," मंगल ऐटीत म्हणाली. त्यानं तिकिटं दिली, पण विश्वास काही ठेवला नाही.

मंगल माझ्यासारखीच शिक्षिका, ज्योती नर्स. आणि जिच्याकडे निघालो होतो ती रुखसार, कॉलेजात आमच्याच वसतिगृहातली. पुण्यात एका कंपनीच्या जपानी पाहुण्यांचा स्वयंपाक सांभाळताना ती त्यांच्या मिठाया शिकली. आमच्याकडची माणसं पुण्याची वाट धरत होती, त्या दिवसांत ही उलटी अमरावतीला आली. दुकान टाकलं, वर पाटी लावली, 'जपानी मोची'. मोची ही चिकट तांदळाच्या पिठाची, सारण भरलेली मिठाई. पण आपल्याकडे मोची म्हणजे चपला शिवणारा. पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ अंगठा तुटलेली चप्पल घेऊन आत आले होते.

हे सगळं रुखसार फोनवर हसून सांगायची. या वेळी मात्र तिचा आवाज उतरला होता. दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकानं बजावलं होतं, रविवारपर्यंत नाव बदल, नाहीतर जागा सोड. मोचीच्या दुकानावर राहतात म्हणून त्याला सोयरेधायरे हसत होते. "तुमी नुसत्या येऊन बसा माह्या दुकानात," रुखसार म्हणाली. आमचा रविवार तिथेच ठरला.

मूर्तिजापूरच्या अलीकडे टायर बसला. सगळे खाली उतरलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी (कपाशी) गुडघ्याएवढी होऊन करपली होती. त्या वर्षांत पेपरात वऱ्हाडाचं नाव दिसलं की बातमी वाचायची गरज उरत नसे. बाहेरगावचे पाहुणेही आमच्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू आवाजात बोलत. मला त्या हळू आवाजाची चीड यायची.

अमरावतीत उतरल्यावर मंगलच्या हट्टापायी आधी गिला वडा (दह्यात भिजवलेला वडा) खाल्ला. मग बाजारातल्या गल्लीत शिरलो. दुकान चिंचोळं, चार टेबलं, भिंती पांढऱ्या, आणि आत वाफेचा गोड वास. रुखसारनं एकेकीला कवटाळलं आणि पुढ्यात बशा ठेवल्या. बाळाच्या गालासारखी मऊ, पिठी लावलेली गोळी. दात लावला तर आधी लाल चवळीचं पुरण लागलं आणि मागून संत्र्याचा आंबटगोड मुरंबा.

"संत्रा अब्बाच्या बागेतला, मोर्शीचा," ती म्हणाली. "पाणी कमी पडलं, फळ लहान राह्यलं. व्यापारी पाहूनच वापस गेले. मी म्हटलं, मले द्या."

मंगलनं मान वर न करता दुसरी बशी मागितली.

दुपारी शिडी आणि रंगाचा डबा घेऊन एक पेंटर दारात उभा राहिला. घरमालक काकाजींनी त्याला पाटी पुसायला पाठवलं होतं. रुखसार पदर खोचून बाहेर गेली.

"भाऊ, पुसू नका. तीच अक्षरं जाड करा. लाल रंगात. पैसे मी देते."

"पण काकाजी म्हणले..."

"काकाजीले मी सांगते."

अक्षरं निम्मी रंगली असतील, तोच काकाजी जिन्यावरून उतरले. "काय करून राहिली हे? पोरगी लग्नाची हाय माह्या घरात! मोचीचं घर म्हणतील लोक!"

रुखसार बोलायला गेली, पण त्याआधी ज्योती उठली. इतका वेळ ती फारशी बोललीच नव्हती.

"काकाजी, माहे बाबा मोची होते. अकोल्यात रस्त्यावर बसून चपला शिवत. त्याच्यावरच मी नर्स झाली. त्या नावात लाज वाटावी असं काय हाय, मले सांगा."

आवाज चढलेला नव्हता. शेजारच्या टेबलांवरची गिऱ्हाइकं खायची थांबली. पेंटर शिडीवर तसाच ब्रश धरून राहिला. ज्योतीशी मैत्री होऊन इतकी वर्षं झाली, पण तिचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

काकाजी चाचरले. "तसं नाही बाई माहं म्हणणं." रुखसारनं खुर्ची सरकवली, बशी ठेवली. ते अवघडून बसले, अर्धी मोची खाल्ली, थोड्या वेळानं उरलेलीही खाल्ली.

"पाटी राहू दे सध्या," उठताना ते पुटपुटले.

"सध्या नाही, काकाजी," रुखसार म्हणाली. "राहीलच."

ते जिना चढून गेले. पेंटरनं ब्रश पुन्हा रंगात बुडवला. रुखसारनं ज्योतीचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. तिच्या हातांवरची तांदळाची पिठी ज्योतीच्या मनगटांना लागली.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परत निघालो. ज्योती खिडकीला डोकं टेकून झोपली. करपलेली शेतं सकाळचीच होती. एका रविवारात कुणाचं पीक उभं राहत नाही, हे मलाही कळतं. पण आपल्या मुलखाकडे पाहायची माझी नजर त्या दिवशी थोडी वर उचलली गेली. रुखसारनं दिलेलं खोकं माझ्या मांडीवर होतं, त्यात काय आहे असं शेजारच्या म्हातारीनं विचारलं. मी तिला एक मोची दिली. तिनं ती बोटांनी दाबून पाहिली, खाल्ली, आणि डोळे मिटून हसली.

"कुठून आणली वं बाई?"

"अमरावतीहून," मी म्हणाले. जरा मोठ्यानंच, मागच्या सीटवरच्यांनाही ऐकू जावं म्हणून.