सुनेची शेवटची शर्यत

माझी सून स्कीच्या शर्यतीत उतरायची. तिचा देश डोंगरांच्या कुशीतला, पुण्याच्या एखाद्या उपनगराएवढ्या वस्तीचा. संघ म्हणजे ती आणि तिचे वडील. प्रशिक्षक तेच, गाडी चालवणारे तेच, स्कींना मेण लावणारेही तेच. म्युनिकला आमच्याकडे मुक्काम असला की ते केलरमध्ये, म्हणजे तळघरात, काम करत बसायचे. मी चहा नेऊन दिला की छातीवर हात ठेवायचे. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती.

पहिल्यांदा शर्यत पाहायला गेले तेव्हा मी मुलाला विचारलं, "ही इतकी शेवटी का?"

तो नेहमीसारखा जर्मनमध्येच बोलला. क्रमवारीत वरच्या मुली आधी उतरतात. त्यांच्या स्कींनी वळणावळणाला चर पडतात आणि मागच्यांना त्या चरांतूनच यावं लागतं. पहिल्या फेरीत वेळेनुसार पहिल्या तीसांत येणाऱ्यांनाच दुसरी फेरी मिळते. सुनेला ती कधीच मिळाली नव्हती.

मग सरावात तिचा गुडघा गेला. ऑपरेशननंतर ती आमच्याकडेच राहिली. व्यायाम करताना दात-ओठ खायची. एकदा न राहवून मी म्हटलं, "पुरे आता."

"अहो आई," मुलाने शिकवलेली तेवढीच मराठी बोलून ती जर्मनवर आली, "एकदा तरी दुसरी फेरी बघायचीय मला."

पुढच्या हिवाळ्यात इथल्याच डोंगरात शर्यत होती. आम्ही खाली दोरीपाशी उभे होतो. ती उतरली आणि फलकावर तिच्या नावापुढे तीस आकडा आला. तिच्या वडिलांनी टोपी काढून तोंडावर धरली.

दुसऱ्या फेरीत क्रम उलटा असतो; तिसावी सगळ्यांत आधी उतरते. म्हणजे एकही रेघ न उमटलेला उतार तिला मिळणार होता. ती सुटली. तिला इतकं वेगात मी कधी पाहिलं नव्हतं. मधल्या वळणावर स्की अचानक सरकली, ती जाळीवर जाऊन आदळली आणि उठली नाही. वडील बूट रुतवत तिच्याकडे चढत गेले.

पुन्हा तोच गुडघा. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर ती माझ्याकडे बघत म्हणाली, "किती गुळगुळीत होतं, अहो आई. मला त्याची सवयच नव्हती."

वडील खिडकीशी उभे होते. बराच वेळ ते मागे वळले नाहीत. दुसऱ्या दिवशी सामान गाडीत घालून ते एकटेच गावी गेले.

आता ती एका विमा कंपनीत नोकरी करते. जिना उतरताना कठडा धरते. रविवारी वडिलांचा फोन येतो. मला त्यांच्या भाषेतले थोडे शब्द कळायला लागलेत. तिच्या आईची तब्येत, गाई, शेजाऱ्यांचं नवं घर. हिवाळा असला तरी बर्फ पडला का, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.