एकेकाला आत बोलावून

लग्न होऊन पातूरला आले तेव्हापासून पक्षाच्या सतरंज्या मी अंथरते. उचलतेही मीच, कारण सभा संपली की नेते गाडीत बसून निघून जातात. त्यामुळे या वेळी तालुकाध्यक्ष कार्यकर्त्यांना विचारून ठरणार असा अकोल्याहून निरोप आला, तेव्हा मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, मले उभं राहायचं आहे. पद हवं होतं मला, खोटं कशाला बोलू! फार हवं होतं.

आमचं फुलांचं दुकान आहे, आणि आमचे हेसुद्धा पक्षाचे जुने सभासद. ते हार ओवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "राह्य ना उभी. कोण अडवून राह्यलं तुले?" मला तेवढं पुरलं.

ठरल्या दिवशी विश्रामगृहावर पक्षाचे निरीक्षक साहेब आले. आमच्याकडे हात वर करत नाहीत की चिठ्ठ्या टाकत नाहीत. साहेब खोलीत बसतात, एकेकाला आत बोलावतात, दार लोटून घेतात आणि विचारतात, कोण पाहिजे? बाकीचे बाहेर चहा पीत, बाहेर येणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसतात. यानं माणूस मोकळेपणानं बोलतो, म्हणे! आमचे हेही आत जाऊन आले आणि सरळ पानटपरीवर गेले.

माझी पाळी आली तेव्हा मी माझंच नाव सांगितलं. साहेबांनी मान हलवली, लिहून काही घेतलं नाही.

"लिहून घ्या ना साहेब."

"लक्षात राहतं ताई."

माय वं! एवढ्या माणसांचं? तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

शेवटचा माणूस अजून आतच होता आणि फाटकातून एक गाडी आली. तिच्यातून हार उतरला, दोघांनी धरावा एवढा. इथल्या पक्षाचे सगळे हार आमच्या दुकानातून जातात, आणि हा आमचा नव्हता. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, अकोल्याहून आणला. आता अकोला काय शेजारच्या गल्लीत आहे का? विचारणं संपायच्या आधीच हा हार कोणाच्या गळ्याच्या मापानं निघाला होता?

साहेबांनी बाहेर येऊन जाहीर केलं, निवड सर्वानुमते झाली. नाव एका कंत्राटदाराचं, जो पावसाळ्यात दुसऱ्या पक्षातून आला होता. टाळ्या पडल्या. मी उठले.

"सर्वानुमते कसं साहेब? माह्यं नाव किती जणांनी घेतलं, तेवढं तरी सांगा."

"ते गुप्त असतं ताई. पक्षाची शिस्त आहे."

मग एकेक जण माझ्याजवळ येऊ लागला. दूधवाला म्हणाला, "वहिनी, मीनं तुमचंच नाव घेतलं, देवाशप्पथ." निवृत्त गुरुजीही तेच म्हणाले. जिच्या बाळंतपणात मी दवाखान्यात बसून राहिले होते, ती बाईही तेच म्हणाली. बाप्पा, सगळ्यांनीच माझं नाव घेतलं! त्या हारावरून पाहिलं तर खोटारडे साहेबच. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. गुरुजी माझ्याकडे न पाहता का बोलले? त्या बाईनं हात एवढा घट्ट का धरला?

आधीच ठरलं होतं तर आम्हाला आत बोलावलंच काहून, याचा संताप आजही होतो. नुसतं नाव सांगून गेले असते तर आम्ही सगळ्यांनी मिळून साहेबांना शिव्या घातल्या असत्या. ते झालं नाही. आम्ही एकमेकांची तोंडं वाचत घरी गेलो.

आमचे हे माझ्या आधीच घरी पोचले होते. त्यांनी चहा केला होता, आणि चूल म्हणजे काय हे त्या माणसाला आजवर माहीत नव्हतं. मी खुर्चीत बसले. त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला आणि कपाकडेच पाहत म्हणाले, "मीनं तुयंच नाव घेतलं वं."

मी त्यांना काहीच विचारलं नव्हतं.