तिसऱ्या दिवसानंतरची पाहुणी

सकाळी लेक, जावई आणि नात एकामागून एक बाहेर पडली की मिक्सर बंद झाल्यावर येते तशी शांतता घरात यायची, आणि मग शिवणबाईंचा दिवस सुरू व्हायचा. नातीने टाकलेली ब्रेडची कड त्या चहात बुडवून संपवायच्या, ओटा पुसायच्या आणि हॉलमध्ये येऊन आपलं अंथरूण आवरायच्या. सोफा उघडला की त्याचा पलंग व्हायचा. तो मिटायचा, पांघरुणाची चौकोनी घडी त्याच्या पोटात सरकवायची, दोन उशा कोन करून वर ठेवायच्या. मग कंगवा, चष्म्याचं घर, डोळ्यांच्या थेंबांची बाटली, रात्रीचा गाऊन असं सगळं बॅगेत भरून चेन ओढायची आणि बॅग सोफ्याच्या मागे उभी करायची. एवढं झालं की कुणीही घरात यावं आणि शपथेवर सांगावं, इथे रात्री कुणी झोपत नाही. या सफाईचा शिवणबाईंना अभिमान होता. टाका असा घालावा की उसवल्याशिवाय दिसू नये, आणि लेकीच्या घरी राहावं तेही तसंच, असं त्यांचं गणित.

त्या दिवशी उशांचा कोन जमतो न जमतो तोच दार वाजलं. बेल असून दार वाजवणारा माणूस एक तर शेजारचा, नाही तर सरकारी. ही सरकारी होती. गळ्यात ओळखपत्र, पायात सपाट बूट, हातात टॅब. पालिकेकडून आले आहे, म्हणाली. रहिवासी नोंदणीसाठी ज्यांचा अर्ज आहे त्या बाई इथे राहतात का, ते बघायचं आहे.

असं कुणीतरी न सांगता येणार, हे लेकीने बजावून ठेवलं होतं. आलं की आधी मला फोन लाव, मी बोलते, असंही सांगितलं होतं. शिवणबाईंनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. या देशात नव्याने आलेल्यांसाठी वाचनालयात इथल्या भाषेचा वर्ग चालायचा, त्यात त्या पहिल्या बाकावर बसायच्या. घरी नात उजळणी घ्यायची आणि चुकलं की हेडबाईंसारखी भुवई उडवायची. इतक्या मेहनतीने कमावलेली भाषा आजवर भाजीवाल्याच्या पुढे गेली नव्हती. आज तिला तोंड फुटायची वेळ आली, तर ती लेकीच्या हवाली कशाला करायची?

त्यांनी नाव सांगितलं, जन्मसाल सांगितलं, पाणी दिलं. बाईने पाणी नको म्हटलं, ते त्यांनी ऐकलं नाही. तपासनीस बाई स्वयंपाकघर, नातीची खोली, न्हाणीघर बघून परत हॉलमध्ये आली आणि तिने तो एक प्रश्न विचारला, ज्यासाठी हा सगळा खटाटोप होता. तुम्ही या घरात राहता का?

याचं उत्तर वर्गात अगदी सुरुवातीच्या धड्यात होतं. पण तोंडून आलं ते धड्यातलं नव्हतं, आईच्या आईपासून चालत आलेलं होतं. शाल सावरत, हसून, एकही चूक न करता शिवणबाई म्हणाल्या, "हे माझ्या लेकीचं आणि जावयाचं घर. मी इथे पाहुणी आहे."

बाईने प्रश्न पुन्हा, सावकाश विचारला. हिला माझे उच्चार समजले नसतील, असं वाटून शिवणबाईंनी उत्तर पुन्हा, जरा मोठ्याने दिलं. तुमचे कपडे कुठे असतात, असं तिने विचारल्यावर तर त्यांनी सोफ्यामागची बॅग ओढून उघडून दाखवली. सगळं यातच मावतं, कुणाला अडचण नको. बाईने बॅगेकडे पाहिलं, मिटलेल्या सोफ्याकडे पाहिलं, टॅबवर टिचकी मारली, आभार मानले आणि गेली.

संध्याकाळी लेक बूट काढते न काढते तोच शिवणबाईंनी सगळा प्रसंग हातवाऱ्यांसकट सांगितला. लेक आधी कौतुकाने ऐकत होती. गोष्ट पाहुणीपर्यंत आली तशी ती एक बूट पायात तसाच ठेवून दारातच खाली बसली.

"आई, तू खरंच असं म्हणालीस?"

"मग काय म्हणू? घरमालकीण आहे म्हणू?"

पुढच्याच आठवड्यात पालिकेचं उत्तर आलं. अर्जदार बाई या पत्त्यावर भेटीसाठी आलेल्या आहेत, राहत नाहीत. काही म्हणणं असल्यास स्वतः येऊन सांगावं, नाही तर अर्ज बंद होईल. जावई बोलण्यात कंजूष. त्यांनी जेवणाच्या टेबलावरच्या डब्या एका ओळीत मांडून सासूबाईंना साखळी समजावली. रहिवासी म्हणून नोंद नाही, तर आरोग्य नोंदणी नाही. ती नाही तर दवाखान्यात नाव नाही, आणि दवाखान्यात नाव नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायची चिठ्ठी नाही. ओळीच्या शेवटी त्यांनी थेंबांची बाटली ठेवली. उजेडात पाहिलं तर तळाशी काय होतं तेवढंच.

शिवणबाईंना काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढतो, थेंब चुकले की नजर कडेकडेने विझत जाते आणि गेलेली परत येत नाही, हे तिकडच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. तिकडून आणलेल्या बाटल्यांमधली ही शेवटची. औषध चार दिवसांचं नव्हतं, जन्माचं होतं. कुणाच्या सामानातून मागवून किंवा कुणाच्या ओळखीने मिळवून ते निभणारं नव्हतं.

आणि नजर हीच तर त्यांची मिळकत. लेक शाळेत जायच्या आधीच नवरा गेला. दीर म्हणाले आमच्याकडे या, भाऊ म्हणाला माझ्याकडे ये. त्या कुणाकडेच गेल्या नाहीत. एका मशीनवर शाळांचे गणवेश शिवून त्यांनी लेकीला इंजिनिअर केलं. गल्लीत त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, पोस्टमनसुद्धा शिवणबाई अशीच हाक मारायचा. लेकीच्या लग्नात जावयांचा कोट ऐनवेळी खांद्यात बसेना, तर यांनी कार्यालयाच्या मागच्या खोलीत बसून तो उसवला आणि परत शिवला. फोटोत तो कोट बघून अजून लोक विचारतात, कुठून घेतला. असं सगळ्यांना बसेल ते करून देणाऱ्या बाईला स्वतःसाठी कुणापुढे हात पसरायची सवयच नव्हती.

डोळ्यांचं निघालं तेव्हा लेक हट्टाला पेटली, म्हणून त्या इथे आल्या. आल्या दिवशी लेकीने कपाटातला खालचा कप्पा स्वच्छ पुसून, कागद घालून मोकळा करून ठेवला होता. तो अजून मोकळाच होता. नात त्यात खेळणी भरायला गेली की लेक ओरडायची, तो आजीचा आहे. "एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई," असं म्हणून शिवणबाई विषय संपवायच्या. जावयांकडे तर त्यांनी आजवर काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. वरच्या फळीवरचा डबा हवा असला आणि उंचेपुरे जावई शेजारी उभे असले, तरी त्या स्टूल ओढायच्या.

उत्तर आलं त्या संध्याकाळी लेक भांडी घासत होती. पाठमोरी असतानाच ती बोलली, आवाज न चढवता.

"लग्न झाल्यावर मी परकी झाले, हे तू ठरवलंस, आई. मला कुणी विचारलंच नाही."

शिवणबाई नुसतीच ताटं पुसत राहिल्या, पुसलेली परत पुसत राहिल्या. शेवटी जावयांनीच कोंडी फोडली. हातातला पेला ठेवता ठेवता ते म्हणाले, "आई, तिसरा दिवस उलटून कितीतरी महिने झाले. तुमची अक्कल जायची ती एव्हाना गेली असेल. आता राहूनच टाका."

शिवणबाईंना हसू आलं. ते लपवायला त्यांनी ताट तोंडासमोर धरलं.

खुलासा द्यायला जायचं ठरलं तेव्हा लेकीने एक सोपी वाट काढली. तू काही बोलू नकोस, मी सांगते की आईला भाषा येत नाही, तिला प्रश्नच कळला नव्हता. परक्या मुलखातल्या म्हातारीबद्दल असं कुणालाही पटेल. शिवणबाईंना ते लागलं. पहिल्या बाकावर बसून शिकलेली भाषा, ती येत नाही म्हणून सांगायचं? "ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही," त्या म्हणाल्या. "बोलले मी, निस्तरीन मी." मग चार दिवस नात तपासनीस झाली. ती अभ्यासाच्या टेबलामागे बसून इतके आडवेतिडवे प्रश्न विचारायची, की खऱ्या बाईची धास्ती उरली नाही.

पालिकेच्या कचेरीत जमिनीला खिळवलेल्या खुर्च्या होत्या, नंबर दाखवणारा फलक होता, आणि येणारा-जाणारा पाणी घालत असल्यामुळे पिवळं पडलेलं एक कुंडीतलं झाड होतं. नंबर लागला तशी लेकही उठली. शिवणबाईंनी तिला हातानेच खाली बसवलं आणि एकट्या खिडकीशी गेल्या. खिडकीतल्या माणसाने अर्ज पाहून आतून त्याच तपासनीस बाईला बोलावलं.

बाईने त्यांना ओळखलं. पाहुणी हा शब्द तुमचाच होता, मी माझ्या पदरचं काही लिहिलं नाही, असं ती सौम्यपणे म्हणाली. तुम्हाला माझा प्रश्न समजला नव्हता का, असंही तिने स्वतःहून विचारलं. सोपी वाट तिनेच उघडून धरली होती. नुसती मान हलवायचा अवकाश.

"समजला होता," शिवणबाई म्हणाल्या. "उत्तरही मी विचार करूनच दिलं. लेकीच्या घरी आईने स्वतःला पाहुणी म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. मी रीत सांगितली. तुम्ही पत्ता विचारत होतात. पत्ता हाच आहे. मी माझ्या लेकीच्या घरी राहते."

शेवटचं वाक्य त्या सुरुवातीच्या धड्यातलं होतं, आणि ते त्यांनी न अडखळता म्हटलं.

मागे खुर्चीवर लेकीच्या शेजारी एक अनोळखी म्हातारे गृहस्थ आपल्या नंबराची वाट बघत बसले होते. त्यांनी काही विचारलं नव्हतं. तरी लेक डोळे टिपत त्यांना म्हणाली, ती माझी आई आहे.

तपासनीस बाई हसली. माझ्या सासूबाईंचं अगदी उलटं आहे, म्हणाली. त्या राहतात दोन गल्ल्या पलीकडे, पण माझ्या घरात अशा वावरतात की पाहुणी मीच. मग ती पुन्हा कामाच्या आवाजात आली. तुमचं बोलणं मला पटलं, पण मी बोलणं नोंदवू शकत नाही, जे दिसतं ते नोंदवते. मी परत येईन, न कळवता. त्या वेळी या घरात एक माणूस राहतं असं मला दिसलं पाहिजे.

घरी आल्यावर शिवणबाईंनी चहासुद्धा घेतला नाही. सोफ्यामागून बॅग ओढली आणि कपाटापुढे बसकण मारली. खालच्या कप्प्यातल्या कागदावर एक सुरकुती नव्हती. रोजचे कपडे पुढे, ठेवणीतले मागे, अशा घड्या लागल्या. कंगवा बेसिनवरच्या पेल्यात नातीच्या ब्रशशेजारी गेला. थेंबांची बाटली फ्रिजवर, जाता-येता दिसेल अशी. गाऊन कुठे अडकवावा याचा त्यांनी बराच वेळ विचार केला, आणि मग न्हाणीघराच्या दारामागे, जावयांच्या टॉवेलशेजारच्या रिकाम्या हुकाला तो लावून टाकला. आज सोफा मिटायचा नाही, हे त्यांनी नातीला बजावलं. नात आनंदाने त्यावर उड्या मारायला लागली.

बॅग रिकामी झाली. त्यांनी ती उलटी करून झटकली, कोपऱ्यात अडकलेलं एक बटण निघालं ते चिमटीत धरून ठेवलं. बॅग हातात इतकी हलकी कधी लागली नव्हती. आता ही सोफ्यामागे ठेवून चालणार नव्हतं. न्हाणीघरावर माळा होता. सवयीने त्यांनी स्टूल ओढलं, एक पाय त्यावर ठेवला, आणि तसाच परत खाली घेतला.

जावई टेबलाशी मटार सोलत बसले होते.

"जावईबापू," शिवणबाई म्हणाल्या, "ही बॅग तेवढी माळ्यावर टाकून द्या."