आई माहेरी गेलीय

ताईला बघायला देवासची मंडळी आली, त्या दुपारी आईला आम्ही मागच्या खोलीत लपवलं. ठरवलं तिनंच होतं. बाबांची मिल बंद पडलेली लपवण्यात अर्थ नव्हता, ते सगळ्या इंदूरला माहीत होतं. तिचा आजार मात्र लपवता येत होता. तुकोगंजच्या डॉक्टरांनी हात टेकलेत, हे आम्ही घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. "आईला छातीचा रोग आहे म्हटल्यावर पोरीला कोण करून घेईल?" असं ती म्हणाली.

मी तिच्याजवळ बसले. खोकला आला की ती उशी तोंडावर दाबून धरायची, चेहरा काळानिळा पडायचा, आणि मी रेडिओचा आवाज वाढवायचे. बाहेर मुलाच्या आईनं विचारलं, "भाभीजी दिसत नाहीत?"

"माहेरी गेलीय," बाबा म्हणाले. ताई पोह्यांवर शेव घालत राहिली. मला बाहेर बसलेल्या सगळ्यांचा राग आला, आणि उशी धरलेल्या आईचाही.

मंडळी जाता जाताच पसंती सांगून गेली. दिवाळीनंतर लग्न करू म्हणाली. बाबांनी आत येऊन ते सांगितलं, तेव्हा आईनं उशी बाजूला ठेवली.

"बरं झालं," ती म्हणाली. मग दम घेऊन तिनं विचारलं, "आणि मी माहेराहून कधी येणार म्हणून सांगितलंत?"

"ते त्यांनी विचारलं नाही," बाबा म्हणाले.