वर पाहिजे

माझ्या लग्नासाठी नाव आईनेच नोंदवलं, स्वतःच्या मोबाईलवरून. मला पुरुष आवडतात हे सांगितल्यावर ती कित्येक दिवस माझ्याशी धड बोलत नव्हती. मग एकदा पोळ्या लाटता लाटता, मान वर न करता म्हणाली, "मंग पोरगाच बघू. पण रीतीनं. चोरून काही न्हाई." वडील कंपनीत लागले म्हणून मराठवाड्यातून चिंचवडला आलेली ही बाई. तिच्या तोंडून हे ऐकून मला रडू फुटलं.

वधू-वर सूचक केंद्र स्टेशनजवळचंच होतं, आणि त्यांचं ॲप होतं. ॲपवर बटणं दोनच, 'वधू पाहिजे' आणि 'वर पाहिजे'. आईला वर पाहिजे होता, तिने ते दाबलं. ती चुकली असं मी आजही म्हणणार नाही. ॲपने मात्र आपल्या अकलेने मला मुलगी ठरवलं. माझ्या नावाआधी 'चि. सौ. कां.' लागलं आणि खाली माझा फोटो, भरघोस मिशीसकट.

"आई, हे नवरीला लावतात," मी हसून लोटपोट झालो होतो.

"लावू दे. आशीर्वादच हाय तो."

दोनेक दिवस घरात खरोखरच लग्नघरासारखं वाटत होतं. मग एका सकाळी चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये चढलो, तर ॲपवरच्या माझ्या त्या पानाचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर माझ्याआधी चढून बसला होता. "काय राव, वहिनी म्हणायचं का आता?" मागून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. मीही हसलो, भीतीने. त्या संध्याकाळी ॲपवरून माझं नाव गेलं. नियमात बसत नाही, एवढाच निरोप आला.

गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. आई इस्त्रीची साडी नेसून मला घेऊन त्या केंद्रात गेली. तिथला माणूस सभ्य होता, हेच जास्त झोंबलं. त्याने पाणी दिलं, खुर्च्या दिल्या.

"काकू, आमच्याकडे चांगल्या घरची स्थळं येतात."

"आमचं घर वाईट हाय का?"

"तसं नाही हो. पण आम्ही लग्नं जुळवतो. दोन पुरुषांचं लग्न कायद्यातच नाही, तर आम्ही काय जुळवणार?"

माझा आवाज चढला. "लग्न राहू द्या. नुसती ओळख करून द्या. माझ्यासारखे तुमच्याकडे असतीलच की."

"असतील ना," तो शांतपणे म्हणाला. "त्या सगळ्यांनी 'वधू पाहिजे' लिहिलंय." मग आईकडे वळून, जरा आवाज खाली आणून, "तुम्हीही तेच लिहा काकू. आत्ता चालू करून देतो. लग्न झालं की मुलं लागतात मार्गाला."

आई उठली. जिन्यात कठडा धरून थांबली आणि म्हणाली, "खोटं चालतंय मेल्याला." तेव्हा मला तिचा इतका अभिमान वाटला की वाटलं, आता कोणीही काहीही म्हणो.

म्हणणारे मात्र थकले नाहीत. बसमधला फोटो आमच्या सोसायटीत आला, तिथून भजनी मंडळात. वडील गेल्यावर आईला त्या मंडळाचाच आधार होता. बायका तिला काही बोलल्या नाहीत, फक्त तिच्या शेजारी बसेनाशा झाल्या. ती एकटी सतरंजीच्या कडेला बसून टाळ वाजवायची, आणि एक दिवस तिने जाणंच सोडलं. मला हे कळत होतं आणि मी काही करू शकत नव्हतो. त्या बायकांचा मला आजही राग येतो.

गेल्या आठवड्यात पहिली शिफ्ट करून घरी आलो तर आई मोबाईल डोळ्यांजवळ धरून बसली होती. मी मागे उभा राहून पाहिलं. तेच ॲप, आणि माझ्या नावाआधी आता नुसतं 'चि.' होतं. आईने बोटाने ते पान वर सरकवलं. खाली एका मुलीचा फोटो होता. काठापदराची साडी, केसांत गजरा, फोटोसाठी नीट हसलेली. माझा फोटोही तिच्या घरी कोणीतरी असाच बघत असेल.

आई दचकली नाही. मोबाईल उपडाही ठेवला नाही.

"अजून कुणाला हो म्हणलं न्हाई," ती म्हणाली.